सावलीने सांगितलेले सात ग्रह

समईपुढून पतंग गेला की समोरच्या भिंतीवरचा उजेड क्षणभर हलतो. आपली पाठ समईकडे असली, पतंग दिसला नाही, तरी काहीतरी आडवं गेलं एवढं आपल्याला कळतं. ट्रॅपिस्ट-१ ह्या ताऱ्याचे सात ग्रह नेमके असेच सापडले. त्यांचे रूप आजवर कोणी पाहिलेले नाही.

हा तांबूस तारा कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर आहे. तारा म्हणायचा, पण आकाराने आपल्या गुरूपेक्षा थोडासाच मोठा. नुसत्या डोळ्यांना तो दिसायचा नाही. मग शास्त्रज्ञांनी हाच का निवडला? लहान आहे म्हणूनच! पृथ्वीएवढा ग्रह सूर्यापुढून गेला, तर उजेड दहा हजारांत जेमतेम एक भाग घटतो. इथे मात्र तो शंभरात जवळजवळ एक भाग घटतो. मिशेल गिलाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या दुर्बिणीतून ही घट टिपली. २०१६ साली तीन ग्रह जाहीर झाले, २०१७ साली सात.

तुम्ही म्हणाल, उजेड कमी झाला म्हणजे ग्रहच कशावरून? एकदा झाला तर शंका घ्यावी. पण ठरल्या वेळी पुनःपुन्हा होऊ लागला, म्हणजे कोणीतरी फेऱ्या घालीत आहे. सर्वांत जवळच्या ग्रहाची फेरी दीड दिवसाची, सर्वांत दूरच्याची सुमारे १९ दिवसांची. तिथलं वर्ष आपल्या तीन आठवड्यांचंसुद्धा नाही! उजेड किती घटला, ह्यावरून ग्रहाचा आकार समजतो. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या वेळा थोड्या मागेपुढे होतात. त्यावरून वजन काढतात. सातही ग्रह कमीअधिक पृथ्वीएवढेच भरले.

तारा मंद असल्याने मधल्या काही ग्रहांवर पाणी पाणी म्हणून टिकेल इतपतच ऊब पोचते. मात्र त्यासाठी हवेचे पांघरूण हवे, आणि असे तारे अधूनमधून भडकून ते उडवून लावू शकतात. २०२३ साली वेब दुर्बिणीने सर्वांत आतला ग्रह तपासला. तिथे दाट हवेची खूण मिळाली नाही. मधल्यांचा तपास अजून पुरा व्हायचा आहे.

आणखी एक ध्यानात ठेवा. पतंग समईच्या पलीकडून गेला, तर भिंतीला पत्ताच लागत नाही. ज्या ताऱ्यांचे ग्रह आपल्या नजरेच्या रेषेत येत नाहीत, त्यांचा उजेड ह्या रीतीने पाहिला तर स्थिरच दिसतो. तेव्हा उजेड हलला नाही, म्हणून तिथे ग्रह नाहीत, असे मात्र म्हणू नका.