मुलांस धारासभा कशी समजवावी?

वाघोडियातील आपल्या मुलांच्या कानी घरी ‘आमदार’ व बाहेर ‘धारासभ्य’ असे दोन शब्द पडतात. माणूस एकच, हे आम्ही प्रथम सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बडोदे राज्यात धारासभा स्थापिली खरी, पण अखेरचा शब्द महाराजांचाच असे. आज गांधीनगरास १८२ आमदार बसतात, त्यांत एक वाघोडियाचा. विधेयकावर चर्चा, मतदान, मग राज्यपालांची संमती. सरकारी खर्चाची मंजुरीही तेथेच. महाराष्ट्रातील नातलगांकडे विधान परिषदही आहे, गुजरातेत नाही. येथे मुले हमखास घोटाळतात. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर १८८८ साली बडोद्यातच जन्मले, हे ऐकताच मात्र कान टवकारतात. एखादा कायदा मुलांस खटकला, तर आमदारांस पत्र लिहावयास सांगावे. मसुदा मुलांचाच असावा, वडिलांचा नव्हे.