स्वतः खणलेलं खनिज फुकट का नसतं?

'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडमध्ये तयार झालेला अंतराळ-खेळ २००३ पासून सुरू आहे. त्यात नव्या कारखानदाराला हमखास प्रश्न पडतो: खनिज स्वतः खणलं, तरी तोटा कसा?

कारण ते खनिज, समजा ट्रिटॅनियम, खेळातल्या जिटा या व्यापारकेंद्राच्या बाजारात तसंच विकता आलं असतं. घरच्या शेंगदाण्यांची चटणी विकतानाही दाण्यांचा बाजारभाव धरावाच लागतो. म्हणून आधी ब्लूप्रिंटमधलं, म्हणजे वस्तू बनवण्याच्या आराखड्यातलं, सगळं साहित्य बाजारभावाने मोजा. त्यात कारखान्याचं शुल्क, दलाली आणि विक्रीकर मिळवा. विक्रीतून हे वजा जाता उरेल तोच नफा.

ब्लूप्रिंटवर संशोधन केलं की साहित्य १० टक्क्यांपर्यंत कमी लागतं. सुरुवात दारूगोळ्यापासून करा. लढायांत तो सतत खपतो, त्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा येतंच.