महाद्वार रोड : पायीं चालणारांची वाट

करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मीच्या देवालयाचें पश्चिमेकडील द्वार म्हणजे महाद्वार. त्यासमोरून बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाच्या तिकटीपर्यंत जाणारा तो महाद्वार रोड. लांबी फार नव्हे. परंतु कोल्हापुरांतील घरचें मंगलकार्य या रस्त्यावांचून क्वचितच पार पडतें. ओटीचें सामान, बांगड्या, साड्या येथें. लागूनच गुजरींत सोनारांचीं दुकानें व कोल्हापुरी साज. आणि पापाच्या तिकटीजवळ चप्पल ओळ.

असा बाजार पायींच पाहावा. परंतु एरवीं वाहनांच्या दाटींत तें कठीण. मागल्या चैत्रांत एका दुचाकीच्या धक्क्यानें आमची काठीच हातांतून सुटली. नवरात्रांत मात्र देवालयाभोंवतींचे रस्ते वाहनांस बंद करितात. त्या दिवसांत आम्ही सूनबाई व नातवासह गेलों. ज्या रस्त्यावर त्या मुलाचें मनगट कधीं सोडीत नाहींत, तेथें त्यांनीं तें सोडलें. गर्दी दुप्पट, पण भय निम्में!

आयर्लंडांतील डब्लिन शहरीं ग्राफ्टन स्ट्रीट हा असाच जुना बाजार. तेथून वाहनें दूर केलीं त्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला; बाजार ओस पडला नाहीं. आमच्या दुकानदारांची चिंता अगदींच अनाठायीं आहे असें नाहीं. माल उतरविण्यास सकाळची वेळ राखावी. रहिवासी व रुग्ण यांची सोय पाहावी. उरलेला दिवस चालणारांचा असावा.

हा धडा परदेशांतून आणावयास नको. दरवर्षीं नोव्हेंबरांत, आणि पुन्हा जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभीं, किरणोत्सवांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून गाभाऱ्यांत शिरतात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. वाटेंत बांधकाम आडवें आलें कीं ते मुखापर्यंत पोहोंचत नाहींत आणि सारें नगर हळहळतें. किरणांसाठीं जी मोकळी वाट आपण मागतों, ती पायीं दर्शनास येणाऱ्या वृद्धास व बालकास कां नसावी?

तोंवर प्रत्येक गृहस्थानें आपलें वाहन दूर ठेवून चालत जाण्याचा परिपाठ घालावा. आमच्या घरीं तो घातला आहे. नातू हल्लीं म्हणतो, “आजोबा, आतां मनगट सोडा.” नवरात्र सरलें आहे, म्हणून आम्ही अद्याप सोडीत नाहीं.