पासवर्डची पडताळणी आणि प्रशासकीय उत्तरदायित्व

झाशी येथील लक्ष्मी तालाच्या परिसरात राणी लक्ष्मीबाईंनी उभारलेली गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. जून २०१७ मध्ये या शहराची निवड स्मार्ट सिटी अभियानासाठी झाली. अशा तलावातील गाळ काढण्याचा एखादा प्रस्ताव उदाहरणादाखल घेऊ. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक सादर करतो, वरिष्ठ अभियंता ते तपासतो, लेखाधिकारी तरतुदीची खात्री करतो आणि सक्षम अधिकारी मंजुरी देतो. कागदी नस्तीवर प्रत्येक टप्प्याची साक्ष स्वाक्षरी देत असे. संगणकीय कार्यप्रवाहात ही साक्ष बव्हंशी पासवर्डवर अवलंबून असते. म्हणूनच पासवर्ड निश्चित करण्याचा साधा दिसणारा अर्ज हा उत्तरदायित्वाचा पाया ठरतो.

दोन रकाने कशासाठी?

नवा पासवर्ड टंकलिखित करताना पडद्यावर केवळ ठिपके दिसतात. त्यामुळे चूक लक्षात येत नाही. शिवाय सुरक्षित प्रणाली मूळ पासवर्ड साठवीत नाही. त्यावर एकतर्फी गणिती प्रक्रिया करून मिळालेले 'हॅश' तेवढे जतन केले जाते. प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी यादृच्छिक भर ('सॉल्ट') घालण्याची पद्धत रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये विशद केली. हॅशवरून मूळ शब्द वाचता येत नसल्याने चूक नंतर दुरुस्तही करता येत नाही. यासाठी पासवर्ड दुसऱ्या रकान्यात पुन्हा मागितला जातो. दोन्ही नोंदी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मात्र या जुळणीने टंकलेखन अचूक असल्याचेच सिद्ध होते. पासवर्ड बळकट आहे वा तो योग्य व्यक्तीनेच दिला आहे, हे सिद्ध होत नाही.

देवनागरी पासवर्ड स्वीकारताना विशेष दक्षता हवी. 'ऱ' हे अक्षर एका संकेताने, तसेच 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. डोळ्यांना समान दिसणारे हे शब्द संगणकास भिन्न वाटतात. म्हणून हॅश करण्यापूर्वी त्यांना एकच प्रमाणित रूप द्यावे लागते.

ग्राह्यतेचे निकष

पासवर्ड स्वीकारण्यायोग्य आहे काय, हा स्वतंत्र प्रश्न होय. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ पासवर्डवर प्रवेश मिळत असेल तर तो किमान १५ अक्षरांचा असावा आणि उघड झालेल्या वा सर्वपरिचित पासवर्डच्या यादीशी तो ताडून पाहावा. अंक व चिन्हांची सक्ती, तसेच विनाकारण ठरावीक मुदतीने बदल ही तत्त्वे मान्य करीत नाहीत; कारण अशा सक्तीमुळे वापरकर्ते अंदाज बांधता येईल असेच बदल करतात.

ही तपासणी ब्राउझरमध्ये झाली तरी ती सर्व्हरवर पुन्हा होणे अनिवार्य आहे. ब्राउझरमधील तपासणी सहज टाळता येते.

कार्यप्रवाहातील विशेष धोका

कार्यप्रवाहाच्या आज्ञावल्या सामान्यतः अर्जातील प्रत्येक रकान्याचे मूल्य पुढील टप्प्यासाठी व इतिहासासाठी जतन करतात. पासवर्डचे रकाने याच पद्धतीने हाताळले गेले, तर पुढच्या अधिकाऱ्यास ते वाचता येतील. म्हणून हे दोन्ही रकाने मसुदा, इतिहास व नोंदवही यांतून वगळावे लागतात.

महत्त्वाच्या टप्प्यांवर केवळ पासवर्ड पुरेसा मानला जात नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'जेपनिक' या ई-निविदा प्रणालीत पासवर्डसोबत डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्रही लागते.

कायदा आणि कर्तव्य

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६क (सी) समाविष्ट झाले. दुसऱ्याच्या पासवर्डचा कपटाने वापर केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. तथापि, वरिष्ठांनी सोयीसाठी आपला पासवर्ड लिपिकास सांगितल्यास सादर करणारा व मंजूर करणारा यांतील भेदच नाहीसा होतो. नोंदीत दोन नावे दिसतात, प्रत्यक्षात निर्णय एकाच हाताने झालेला असतो. उत्तम अर्ज पासवर्डची अचूकता व बळकटी तपासू शकतो. त्याची गुप्तता मात्र वापरकर्त्यानेच राखावयाची असते. गाळ खरोखर निघाला काय, असा प्रश्न उद्या उपस्थित झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हे त्या गुप्ततेवरच ठरेल.