वर्तुळाचा मध्य आणि संगणकावरील आरेखन

कोणतेही वर्तुळ घेतले तर त्यातील सर्वांत महत्त्वाचा बिंदू त्या वर्तुळावर नसतो. परिघावरील प्रत्येक बिंदू ज्याच्यापासून सारख्याच अंतरावर असतो, तो मध्य आतल्या मोकळ्या जागेत असतो; तेथे ना रेषा असते, ना खूण. शाळेत कंपासाने वर्तुळे काढताना ही गोष्ट आपल्याला जाणवली नाही, कारण कंपासाचे टोक आधी कागदात रुतत असे आणि त्याची टोच मागे उरत असे. मध्य आधी, वर्तुळ नंतर, असाच तो क्रम होता. आरेखनाच्या फळ्यावरही हाच क्रम चाले. एकाच मध्यावर पाच-सहा वर्तुळे काढावयाची असली म्हणजे ते छिद्र रुंदावून मध्यच हलू नये म्हणून काळजी घेणारे आरेखक तेथे शिंगाची किंवा सेल्युलॉइडची लहानशी पारदर्शक चकती ठेवीत. एवढ्याशा टोचेची एवढी निगा राखावी लागे.

आता फळा, टी-स्क्वेअर आणि रोटरिंगची पेने कपाटात गेली आहेत. डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांची आणि कल्याणातील वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांची कामे संगणकावर होतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ड्राफ्ट्समनचे शिक्षण घेणारा विद्यार्थी ऑटोकॅडशी परिचय झाल्यावाचून बाहेर पडत नाही. पडद्यावर वर्तुळ उमटते, परंतु टोच उरत नाही. मग त्याच मध्यापासून दुसरी रेषा काढावयाची झाल्यास तो पुन्हा सापडावा कसा? हा प्रश्न किरकोळ वाटेल. तथापि त्याच्या उत्तरावर लोखंडाचा तुकडा कामी येणार की भंगारात जाणार, हे ठरते, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

पहिले उत्तर सुचते ते असे, की मध्य डोळ्याने हेरावा आणि तेथे माऊसची कळ दाबावी. हे का चालत नाही ते हिशेबाने पाहू. समजा, पडद्याच्या रुंदीत १९२० ठिपके आहेत आणि त्यावर ६ मीटर रुंदीच्या पंपघराचा आराखडा उघडला आहे. म्हणजे एक ठिपका ३ मिलिमीटरांहून किंचित अधिक झाला. या आराखड्यात पाइपाचा एक फ्लँज आहे: बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर, मध्ये पाइपाचे भोक, आणि भोवती बोल्टांसाठी १८ मिलिमीटरांची ८ छिद्रे. ही छिद्रे ज्या कल्पित वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १६० मिलिमीटर. कारखान्यात त्याला पी. सी. डी. म्हणतात. हे वर्तुळ डोळ्याच्या अंदाजाने ठेवताना मध्य दीड मिलिमीटर सरकला, तर पडद्यावर ती चूक अर्ध्या ठिपक्याएवढीच होते. ती दिसणे शक्य नाही.

बरे, ही चूक लपूनही राहते. आठही छिद्रे एकमेकांशी अगदी बरोबर असतात. व्यास मोजला तर १६० भरतो, दोन छिद्रांमधील कोन ४५ अंशांचा भरतो. चुकलेले असते ते एकच, छिद्रांच्या वर्तुळाचे भोकाशी असलेले नाते. समोरच्या फ्लँजशी बोल्ट जुळतात, परंतु दोन पाइपांची तोंडे दीड मिलिमीटर चुकून बसतात. पूर्वी कागदावरील मापे वाचून फिटर स्वतः मध्य काढीत असे, त्यामुळे आरेखकाची रेघ इकडेतिकडे झाली तरी वस्तू सुधारून निघे. आता पुष्कळदा आरेखनाची फाइलच पत्रा कापणाऱ्या यंत्रात घातली जाते. यंत्र शेजारी लिहिलेले माप वाचीत नाही; रेषा जेथे आहे तेथेच ते कापते.

म्हणूनच आरेखनाच्या प्रत्येक संगणक-प्रणालीत ‘स्नॅप’ नावाची सोय असते. स्नॅप म्हणजे माऊसचा बाण एखाद्या नेमक्या बिंदूकडे ओढून घेणे. रेषेचे टोक, रेषेचा मधला बिंदू, दोन रेषांचा छेद आणि वर्तुळाचा मध्य हे त्यांतले नेहमीचे बिंदू होत. ऑटोकॅडमध्ये एफ-३ ही कळ दाबून ही सोय चालू किंवा बंद करता येते. तेवढ्या एका वेळेपुरता मध्यच हवा असल्यास सी, ई, एन ही तीन अक्षरे टंकावी. नवख्या विद्यार्थ्याची अडचण येथेच होते. तो बाण वर्तुळाच्या पोटात, मध्य असेल असे वाटते तेथे नेतो, आणि पुष्कळदा काहीच घडत नाही. बाण न्यावयाचा असतो परिघावर. परिघाला स्पर्श होताच संगणक आत, खऱ्या मध्यावर, एक लहान गोल खूण दाखवितो. मग कळ दाबली की बिंदू तेथे बसतो. हे उलटे वाटते, परंतु थोडा विचार केल्यास पटते. मध्यावर काही काढलेलेच नाही, तेव्हा संगणकाने ओळखावे काय? परीघ मात्र आहे, आणि परिघाला विचारले तर तो आपला मध्य सांगतो.

तो कसा सांगतो हेही पाहण्यासारखे आहे. पडद्यावर दिसणारे वर्तुळ हे केवळ चित्र होय. संगणकाच्या स्मरणात वर्तुळ म्हणजे काही आकडे असतात. आरेखनांच्या देवाणघेवाणीसाठी प्रचलित असलेल्या डी. एक्स. एफ. फाइलमध्ये वर्तुळाची नोंद मध्याचे स्थान आणि त्रिज्या अशी असते. कंसाच्या नोंदीत यांखेरीज आरंभाचा व शेवटाचा कोन येतो. म्हणजे मध्य नाहीसा झाला नव्हता. कागदावरची टोच नोंदीत जाऊन बसली होती. आणि ही नोंद सुमारे १५ अंकांपर्यंत नेमकी असते. स्नॅप करणे म्हणजे डोळ्याचा अंदाज सोडून नोंद वाचणे, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना संगणकी आरेखनाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली केली. पडद्यावर प्रकाश-लेखणी टेकवून तीत रेषा काढता येत. लेखणी एखाद्या रेषेच्या किंवा बिंदूच्या जवळ गेली की ती नेमकी त्यावरच आहे असे संगणक मानी. माणसाचा हात कापतो, हे त्यांनी प्रथमपासूनच गृहीत धरले होते.

येथवर पूर्ण वर्तुळाचा विचार झाला. कंसाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे, आणि तिचे उदाहरण शोधण्यास आम्हा कल्याणकरांना दूर जावे लागत नाही. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत आली. पुढे येथूनच तिच्या दोन शाखा झाल्या, एक कसाऱ्यावरून थळ घाटाकडे आणि दुसरी कर्जतवरून बोर घाटाकडे. अशा मार्गावरचे वळण हा एका प्रचंड वर्तुळाचा कंस असतो. समजा, त्याची त्रिज्या १००० मीटर आहे. मग त्याचा मध्य रुळापासून एक किलोमीटर दूर, कोणाच्या शेतात, चाळीत किंवा उल्हास नदीच्या पात्रातही असू शकेल. तेथे खुंटी रोवून दोरी फिरविणे कोणालाच शक्य नाही. तरीही वळण नीट आहे की नाही हे रेल्वेची माणसे रुळावरच तपासतात. रुळाच्या कडेला २० मीटर लांबीची दोरी ताणून धरावयाची आणि तिच्या मधोमध दोरी व रूळ यांतील अंतर मोजावयाचे. दोरी ही जीवा. मधले अंतर हा शर. रेल्वेत त्याला ‘वर्साइन’ म्हणतात.

शर कळला की त्रिज्या कळते. हा नियम परका नाही. कसाऱ्याकडे गेलेल्या याच मार्गाने पुढे गेल्यास चाळीसगाव लागते. त्याच्या जवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. बाराव्या शतकातील ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी हा नियम दिला आहे: अर्ध्या जीवेचा वर्ग करावा, त्यास शराने भागावे आणि आलेल्या संख्येत शर मिळवावा, म्हणजे व्यास येतो. त्यांच्याच उदाहरणातील आकडे घेतल्यास जीवा ६ आणि शर १ असता ९ भागिले १, अधिक १, म्हणजे व्यास १०.

आता हाच नियम २० मीटरच्या दोरीला लावू. शर ५० मिलिमीटर भरला तर त्रिज्या १००० मीटर येते. तोच ५१ भरला तर ती सुमारे ९८० मीटर येते. शरात एक मिलिमीटरचा फरक पडला आणि दूरचा मध्य २० मीटर सरकला! कंस लहान आणि त्रिज्या मोठी असली म्हणजे डोळ्याचा किंवा हाताचा अंदाज किती फसवा ठरतो, ते यावरून दिसेल. संगणकात कंस हा कंस म्हणून नोंदलेला असेल तर ही अडचण उद्भवत नाही. कंसाच्या रेषेला बाण लावताच मध्य मिळतो, मग तो पडद्याच्या कितीही बाहेर असो.

‘नोंदलेला असेल तर’ ही अट मात्र महत्त्वाची आहे, आणि आमच्या मते विद्यार्थ्याने शिकण्यासारखी खरी गोष्ट हीच. जुना नकाशा स्कॅन करून घेतला, किंवा दुसऱ्या प्रणालीतून आलेली फाइल उघडली, तर पुष्कळदा गोल दिसणारी आकृती वस्तुतः शेकडो बारीक सरळ रेषांची बनलेली असते. तिला कितीही स्पर्श केला तरी मध्य मिळत नाही, कारण तिला मध्यच नाही. अशा वेळी स्नॅप बिघडला असे म्हणण्यापेक्षा परिघावर दूरदूरचे तीन बिंदू घ्यावेत आणि त्यांतून नवे वर्तुळ काढावे. तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते. दोन जीवांचे लंबदुभाजक जेथे छेदतात तो त्याचा मध्य. वर्तुळाचा मध्य शोधणे हा युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकातील पहिलाच प्रश्न आहे, आणि जीवेचा लंबदुभाजक हेच तेथेही साधन आहे. बिंदू मात्र जवळजवळ घेऊ नयेत. का, ते वरच्या हिशेबाने स्पष्ट झालेच आहे. रेल्वेच्या वळणांतही सरळ मार्ग आणि कंस यांना जोडणारा जो भाग असतो, त्यात वक्रता पावलागणिक बदलत जाते. त्यालाही एक मध्य नसतो. तेथे मध्य मागणेच चुकीचे होय.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, स्नॅप नेमका बिंदू देतो, योग्य बिंदू निवडून देत नाही. दाटीच्या आरेखनात शेजारच्याच बोल्टाच्या छिद्राचा मध्य पकडला गेला, तर चूक १५ अंकांपर्यंत नेमकी होते. खूण कोणत्या वर्तुळात उमटली हे पाहूनच कळ दाबावी. दुसरी, साधा स्नॅप त्या क्षणापुरता असतो. उद्या वर्तुळ हलविले तर त्याच्या मध्यावर बसविलेली रेषा आपोआप हलत नाही. दोन वर्तुळांचा मध्य कायम एकच राहावा असे वाटत असल्यास तसे बंधन निराळे घालावे लागते. फ्रीकॅडसारख्या, कोणालाही मोफत मिळणाऱ्या प्रणालीतही ही सोय आहे.

जुन्या आरेखकाजवळ टोच होती आणि तिच्यावर ठेवावयाची चकती होती. नव्याजवळ नोंद आहे आणि ती वाचण्याची सोय आहे. साधन बदलले, परंतु मध्य जपण्याची जबाबदारी पूर्वीच्याच माणसावर आहे. किंबहुना मधला मापे वाचणारा फिटर बाजूला झाल्यामुळे ती आता अधिक वाढली आहे. तेव्हा आमची विद्यार्थ्यांना सूचना एवढीच: आरेखन पुढे पाठविण्यापूर्वी प्रत्येक छिद्राचा मध्य स्नॅपने घेतला आहे ना, आणि तो ज्या वर्तुळाचा म्हणून घेतला त्याचाच आहे ना, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. त्यांना मिनिटभर लागते. कापून झालेल्या पत्र्याला ते विचारून उपयोग नसतो.