गिअरबॉक्स उतरवण्याची शिस्त

जयपूर शहराची वस्ती आग्नेयेकडे जेथे संपते, तेथेच अरवलीच्या टेकड्यांत झालानाचे वन सुरू होते. बिबट्यांसाठी राखलेल्या या वनात प्रवाशांना हिंडवण्याकरिता उघड्या जिप्सी गाड्यांचा वापर रूढ झाला. वाट वाळूची आणि सुट्या दगडांची. चढ मध्येच उभा राहतो, आणि एखादे जनावर दिसले की त्याच चढावर गाडी थांबवून पुन्हा हळूच हलवावी लागते. अशा कामात गाडीच्या इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक ताण पडतो तो गिअरबॉक्सवर आणि त्याच्या पाठीमागील ट्रान्सफर केसवर.

जिप्सी १९८५ साली भारतात आली. सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन आता बंद झाले आहे. त्यामुळे वनात किंवा शहरात खासगी मालकीची जी जिप्सी आपल्याला दिसते, ती आधीच पुष्कळ मैल चाललेली असते आणि बहुधा मूळ रूपातही नसते. छत काढलेले असते, मागे पायरीपायरीने उंच होत गेलेली आसने बसवलेली असतात, स्प्रिंगा उंचावलेल्या असतात, टायर मोठे घातलेले असतात. अशा गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवणे हे केवळ बोल्ट सोडण्याचे काम नव्हे. कोणता भाग कोणाच्या आधाराने उभा आहे हे आधी ओळखून, तो आधार काढण्यापूर्वी दुसरा आधार देणे, हे या कामाचे मर्म आहे. ते विसरले गेले तर यंत्राची हानी होते. कधी माणसाचीही होते.

प्रथम शक्तीची वाट समजून घेऊ. इंजिनाचे फिरणे क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. तेथे दातेरी चक्रांच्या जोड्या बदलून वेग व जोर यांचे प्रमाण ठरते. साध्या मोटारीत ही शक्ती तेथून एका चाकजोडीकडे जाते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत मात्र मध्ये आणखी एक पेटी असते, ती म्हणजे ट्रान्सफर केस. ती एका वाटेच्या दोन वाटा करते, एक पुढील आसाकडे आणि दुसरी मागील आसाकडे. शिवाय तिच्यात स्वतःची दोन प्रमाणे असतात. १३०० सीसी इंजिनाच्या जिप्सीत उच्च प्रमाण १.४०९ आणि नीच प्रमाण २.२६८ आहे. म्हणजे नीच प्रमाणात तोच गिअर चाकांना सुमारे १.६ पट जोर देतो आणि गाडीचा वेग त्याच मानाने उतरतो. उभ्या चढावर गाडी न धापा टाकता चढते ती यामुळे.

या दोन पेट्यांची मांडणी सर्व गाड्यांत सारखी नसते. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जुळवण्यास आरंभ केला. त्या घराण्याच्या जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्टांनी जखडलेली असते. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरील चक्रच तिला फिरवते. म्हणून तेथे दोन्ही पेट्या बहुधा एकत्रच खाली घेतात. जिप्सीत ट्रान्सफर केस स्वतंत्र असते. ती रबराच्या आधारांवर चासिसला टांगलेली असते, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत शक्ती नेण्यासाठी मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे एक पेटी न हलवता दुसरी उतरवता येते.

ही सोय लक्षात घेतली म्हणजे पुढचा प्रश्न येतो: उतरवायचे नेमके काय? पुष्कळदा घाईने चांगली पेटी खाली येते आणि दोष गाडीतच राहतो. गाडी उभी करून, गिअर न टाकता इंजिन चालू ठेवावे. घरघर ऐकू येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढील बाजूच्या बेअरिंगांत असण्याचा संभव अधिक. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर घ्यावा. गाडी चालतानाच आवाज येतो आणि गिअर बदलला तरी तो तसाच राहतो, अशा वेळी ट्रान्सफर केस, शाफ्टचे सांधे आणि मागील डिफरन्शियल यांकडे पाहावे. काढलेले तेलही पुष्कळ सांगते. त्यात पितळी चकाकी दिसली तर गिअर जुळवणाऱ्या कड्यांची झीज झालेली असते. पोलादाचे कण सापडले तर चक्राचे दात किंवा बेअरिंग दुखावलेले असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे गाडी सपाट, कठीण जमिनीवर घेऊन चाकांना पुढून व मागून ठोकळे लावणे. याचे कारण नीट समजून घ्यावे. गाडी गिअरमध्ये ठेवली की ती हलणार नाही असा आपला समज असतो. परंतु इंजिन गाडीला अडवते ते या शाफ्टांच्या द्वारे. शाफ्ट सुटले की तो अडसर नाहीसा होतो. ट्रान्सफर केसचा दांडा मधल्या, निष्क्रिय जागी असला तरीही तेच घडते. जुन्या जीपमध्ये तर हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागील टोकालाच असतो. म्हणून मागील शाफ्ट काढताच हँडब्रेकही निरुपयोगी होतो. खाली निजलेला मिस्त्री शेवटचा बोल्ट सोडतो आणि त्याच क्षणी गाडी मोकळी होते. ठोकळे आहेत ते या क्षणासाठी. गाडी उचलायची असल्यास तिचे वजन भक्कम लोखंडी घोड्यांवर घ्यावे. केवळ जॅकच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

यानंतर बॅटरीची ऋण तार सोडावी. गाडीच्या आतून गिअरचा दांडा काढावा. तेल काढताना आधी भरण्याचे बूच सैल होते की नाही ते पाहावे. ते गंजून बसलेले असेल तर तेल काढून टाकल्यावर पुन्हा भरता येणार नाही. शाफ्टांच्या चकत्यांवर जोडीजोडीने खुणा कराव्यात, म्हणजे परत बसवताना तीच जागा सापडते व कंप निर्माण होत नाही. मग क्लचची केबल, मागील दिव्याच्या स्विचची तार आणि स्टार्टर सोडवावा. स्पीडोमीटरची केबल जिप्सीत ट्रान्सफर केसवर असते. धूर वाहणारी नळी आड येत असेल तर ती थंड झाल्यावरच काढावी.

आता सर्वांत नाजूक टप्पा येतो. इंजिन व गिअरबॉक्स मिळून एक लांब दांडाच असतो. त्याला पुढे इंजिनाच्या दोन बाजूंचे आणि मागे गिअरबॉक्सखालचा असे आधार असतात. मागील आधार काढला की इंजिन मागे कलते आणि त्याला जोडलेल्या नळ्या ताणल्या जातात. म्हणून आधी ऑइल चेंबरखाली रुंद लाकडी फळी ठेवून इंजिनाला जॅकचा आधार द्यावा. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली घ्यावा. त्यानंतरच मागील आडवी पट्टी व इंजिनाकडील बोल्ट काढावेत. पेटी सरळ रेषेत मागे सरकवावी. तिचा पुढील शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून गेलेला असून त्याचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावरील बेअरिंगमध्ये असते. शाफ्ट पुरता बाहेर येण्यापूर्वी पेटीचा भार त्यावर लोंबकळू दिला, तर क्लच प्लेट वाकते. पेटी अडली तर पहारीने रेटू नये; एखादा बोल्ट राहिला असावा किंवा दोन जॅकांची उंची जुळत नसावी. आणि पेटी छातीवर झेलण्याचे धाडस तर मुळीच करू नये.

फेरफार केलेल्या गाडीत कारखान्याची पुस्तिका अर्धीच उपयोगी पडते. उंच आसनांचे पाय कधी नेमके दांड्याच्या झाकणावर जोडलेले असतात. वितळजोड केलेल्या पट्ट्या ट्रान्सफर केसची वाट अडवतात. स्प्रिंगा उंचावल्याने शाफ्टांचे कोन वाढतात व सांधे लवकर झिजतात. मोठ्या टायरांचा बोजाही अखेर चक्रांच्या दातांवरच येतो. अशा गाडीत आधी अर्धा तास केवळ निरीक्षणात घालवावा आणि जे मूळचे नाही त्याची चित्रासह नोंद करावी. पेटी दुरुस्त करून परत बसवणे वेगळे आणि भलतीच पेटी बसवणे वेगळे, हेही ध्यानात असावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असे म्हटले, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाहीत.

परत बसवण्याचा क्रम बव्हंशी उलटा असतो. क्लच प्लेट नेमकी मध्यावर आणावी, शाफ्टांच्या खुणा जुळवाव्यात, दोन्ही पेट्यांत तेल भरावे आणि ते भरल्याची खूण गाडीत लावून ठेवावी. कोरड्या पेटीने चार मैल चालणेही तिच्या नाशाला पुरेसे असते. मग आधारावरील गाडी खाली घेऊन सर्व गिअर व ट्रान्सफरच्या सर्व जागा एकदा तपासाव्यात. चाकांचे ठोकळे सर्वांत आधी लावलेले होते. ते सर्वांत शेवटी काढावेत.