लहान शेजारी राष्ट्रे आणि भारताची राष्ट्रीय सुरक्षा : प्रादेशिक सत्तेसमोरील काही आव्हाने

प्रास्ताविक

राष्ट्राची सुरक्षा केवळ सैन्यबळावर अवलंबून नसते, हे विधान राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना नवे नाही. मात्र सैन्यबळाखेरीज ती आणखी कशावर अवलंबून असते, याचे उत्तर प्रत्येक राष्ट्राच्या भूगोलानुसार व इतिहासानुसार बदलते. या दृष्टीने दक्षिण आशियातील भारताचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. क्षेत्रफळ, लोकसंख्या, अर्थव्यवस्था व लष्करी सामर्थ्य या चारही बाबतींत भारत हा या प्रदेशातील सर्वांत मोठा देश आहे. शिवाय पाकिस्तान व अफगाणिस्तान ही जोडी वगळल्यास सार्कच्या सदस्य देशांपैकी भारताच्या कोणत्याही दोन शेजाऱ्यांची भूसीमा एकमेकांस लागून नाही. साहजिकच प्रत्येक शेजाऱ्याच्या परराष्ट्र धोरणात भारत हा पहिला प्रश्न ठरतो.

भारताच्या सुरक्षेची चर्चा बहुधा चीन व पाकिस्तान यांच्याभोवती फिरते. जून २०२० मधील गलवान खोऱ्यातील संघर्षात २० भारतीय जवान हुतात्मा झाले. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर मे महिन्यात भारत व पाकिस्तान यांच्यात चार दिवस लष्करी संघर्ष झाला. या आव्हानांचे गांभीर्य निर्विवाद आहे. तथापि, भूतान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका व मालदीव या तुलनेने लहान शेजाऱ्यांचे भारताच्या सुरक्षेतील स्थान दुय्यम मानले जाते, आणि हीच धारणा तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या पाच राष्ट्रांशी असलेल्या संबंधांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, शेजारच्या सरकारशी जुळलेले सख्य हे सत्तांतराबरोबर ओसरू शकते. परंतु शेजारच्या राष्ट्राशी मिटविलेला प्रश्न हा सुरक्षेचा अधिक टिकाऊ आधार असतो.

भूतान : कराराची फेरमांडणी

ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारी सिलिगुडी येथील भूपट्टी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी २० ते २२ किलोमीटर रुंद आहे. तिच्या उत्तरेस असलेल्या भूतानचे सामरिक महत्त्व त्यावरून स्पष्ट होते. १९४९ च्या करारानुसार परराष्ट्र व्यवहारात भूतानने भारताच्या सल्ल्याने वागावे, असे ठरले होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या शाही सैन्याने आपल्या भूमीवरील उल्फा, एनडीएफबी व केएलओ या बंडखोर संघटनांचे तळ उद्ध्वस्त केले. लोकसंख्येने अत्यंत लहान असलेल्या देशासाठी ही मोठी जोखीम होती. त्यानंतर फेब्रुवारी २००७ मध्ये झालेल्या नव्या करारातून सल्ल्याचे बंधन वगळण्यात आले. एकमेकांच्या राष्ट्रीय हिताच्या बाबतीत निकट सहकार्य करावे आणि एकमेकांच्या सुरक्षेला बाधक अशा कारवायांसाठी आपली भूमी वापरू देऊ नये, अशी समसमान भाषा त्यात आली.

कागदावरील अधिकार कमी केल्याने भारताचा प्रभाव कमी झाला नाही. २०१७ मध्ये डोकलाम पठारावर चीनच्या रस्ताबांधणीमुळे ७३ दिवस पेच निर्माण झाला, तेव्हा भूताननेही चीनकडे आपला आक्षेप नोंदविला आणि भारताशी समन्वय कायम ठेवला. मात्र चीन व भूतान यांच्यातील सीमावाटाघाटी चालूच आहेत. त्यांत भूतान स्वतःचे हित पाहणार, हे भारताने गृहीत धरणे इष्ट होय.

बांगलादेश : मिटलेली सीमा, बदललेले सरकार

भारताची सर्वांत लांब भूसीमा बांगलादेशाशी असून ती सुमारे ४,०९६ किलोमीटर आहे. या सीमेवरील भारताच्या १११ व बांगलादेशाच्या ५१ वसाहती दुसऱ्या देशाच्या हद्दीने वेढलेल्या होत्या. तेथील सुमारे ५१ हजार रहिवाशांना कोणत्याही राज्यसंस्थेचे पुरेसे संरक्षण नव्हते. १९७४ मध्ये इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनी या प्रश्नावर करार केला. त्याची पूर्ण अंमलबजावणी होण्यास मात्र ४१ वर्षे लागली. मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता संमत झाली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री वसाहतींची अदलाबदल झाली. भारताने सुमारे १७,१६० एकर क्षेत्राच्या वसाहती सोडल्या व सुमारे ७,११० एकर क्षेत्राच्या स्वीकारल्या. तत्पूर्वी जुलै २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने बंगालच्या उपसागरातील सुमारे २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी सुमारे १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशास दिले. भारताने तोही निर्णय मान्य केला.

आकड्यांकडे पाहता हा तोट्याचा व्यवहार वाटतो. परंतु याच कालखंडात, २००९ पासून, उल्फाचे प्रमुख नेते भारताच्या ताब्यात आले, तसेच ईशान्येकडील राज्यांना बांगलादेशातून वाहतुकीचे मार्ग खुले झाले.

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांना पदत्याग करून भारतात आश्रय घ्यावा लागला. त्यानंतरच्या अंतरिम सरकारच्या काळात संबंधांत तणाव आला. २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या व्यापारावर निर्बंध घातले. भारताचा संपर्क एकाच पक्षाशी व एकाच नेत्याशी अतिरिक्त प्रमाणात जोडला गेला होता, ही टीका त्यामुळे बळावली. येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. सरकारशी असलेल्या सख्यावर आधारलेले सहकार्य डळमळीत झाले. परंतु भू व सागरी सीमेचा निवाडा या सत्तांतरानेही पुन्हा उघडला गेला नाही. याउलट तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधामुळे अडला आणि तो प्रश्न प्रत्येक वाटाघाटीत पुढे येत राहिला. १९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराची ३० वर्षांची मुदतही डिसेंबर २०२६ पर्यंतचीच आहे.

नेपाळ : लांबलेल्या प्रश्नांची किंमत

नेपाळशी भारताची सीमा खुली आहे आणि नेपाळी गुरखे भारतीय सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या सेवा करीत आले आहेत. एवढी जवळीक असूनही २०१५ हे वर्ष उभय संबंधांत कटुतेचे ठरले. एप्रिलमधील विनाशकारी भूकंपात भारताने तत्काळ मदत केली. परंतु सप्टेंबरमध्ये नव्या संविधानाविरुद्ध मधेशी समाजाचे आंदोलन पेटल्यानंतर सीमेवरील मालवाहतूक काही महिने विस्कळीत झाली. भारताने नाकेबंदीचा आरोप नाकारला. तथापि इंधन व औषधांच्या टंचाईचा दोष नेपाळी जनमताने भारतावरच ठेवला. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला. भूवेष्टित देशाला पर्यायाची निकड पटवून देण्याचे काम त्या काही महिन्यांनी केले.

१९५० च्या मैत्री करारासह उभय संबंधांचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या मान्यवर व्यक्तींच्या गटाने २०१८ मध्ये आपले काम पूर्ण केले. परंतु पुढील अनेक वर्षे त्याचा अहवाल औपचारिकरीत्या स्वीकारला गेला नाही. २०२० मध्ये नेपाळने कालापानी, लिपुलेख व लिंपियाधुरा हे प्रदेश दाखविणारा नकाशा संविधानात समाविष्ट केला. नकाशा संविधानात गेल्यावर तडजोडीस वाव अत्यल्प उरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत व चीन यांनी लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा नेपाळने हरकत घेतली. अनिर्णित प्रश्न आपोआप शमत नाहीत, हे यावरून दिसून येते.

श्रीलंका व मालदीव : सागरी परिमाण

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रमार्गे आले. तेव्हापासून सागरी सुरक्षेचा विचार अधिक गांभीर्याने होऊ लागला. हिंदी महासागरातील प्रमुख जलमार्गांलगत असलेले हे दोन्ही शेजारी त्यात अपरिहार्य आहेत. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर चिनी कंपनीस ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताच्या चिंतेनंतरही तेथे चीनचे ‘युआन वांग ५’ हे जहाज आले. त्याच वर्षी आर्थिक संकटात भारताने श्रीलंकेस सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य दिले होते. मदतीमुळे सद्भावना लाभते, निर्णयाधिकार लाभत नाही, हा यातील बोध होय.

मालदीवमध्ये २०२३ च्या निवडणुकीत भारतीय सैनिकांची उपस्थिती हाच प्रचाराचा विषय झाला. मे २०२४ पर्यंत त्यांची जागा नागरी तंत्रज्ञांनी घेतली. भारताने संयम राखला, हेलिकॉप्टर व विमानाची सेवा चालू ठेवली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चलन अदलाबदलीची सुविधा दिली. परिणामी संबंध पुन्हा रुळावर आले.

आव्हानांचे स्वरूप

वरील विवेचनातून तीन आव्हाने पुढे येतात. पहिले आव्हान असमानतेचे आहे. भारताच्या दृष्टीने किरकोळ असलेली कृती शेजाऱ्याला सार्वभौमत्वावरील आघात वाटू शकते. १९९६-९७ मधील गुजराल सिद्धांताने परतफेडीची अपेक्षा न ठेवता लहान शेजाऱ्यांना सवलत देण्याचा विचार मांडला, तो याच जाणिवेतून. दुसरे आव्हान पर्यायांचे आहे. चीनच्या गुंतवणुकीमुळे लहान राष्ट्रांची सौदाशक्ती वाढली असून केवळ नापसंती दर्शवून ती रोखता येणार नाही. तिसरे आव्हान देशांतर्गत आहे. परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरत असले तरी तिस्तेचे पाणी पश्चिम बंगालचे आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतील मासेमारीचा प्रश्न तामिळनाडूचा आहे. संबंधित राज्यांना विश्वासात घेतल्याविना शेजाऱ्यास दिलेले आश्वासन पाळता येत नाही, आणि न पाळलेले आश्वासन न दिलेल्या आश्वासनापेक्षा अधिक हानिकारक ठरते.

समारोप

२०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. अशा स्थितीत द्विपक्षीय प्रश्नांची सोडवणूक हाच भारतापुढील व्यवहार्य मार्ग आहे. भूतानशी करार समतेच्या भाषेत आला, बांगलादेशाशी सीमा निश्चित झाली. त्यासाठी भारताने काही अधिकार व काही भूमी सोडली आणि त्या बदल्यात स्थैर्य मिळविले. नेपाळच्या बाबतीत दिरंगाई झाली आणि प्रश्न अधिक कठीण झाला. प्रश्न मिटविण्याची अनुकूल वेळ मैत्रीपूर्ण सरकारच्या काळात येते. परंतु त्या काळात तो मिटविण्याची निकड कोणासच भासत नाही, ही खरी अडचण आहे. उत्तर सीमेवर सैन्य सज्ज ठेवणे जितके आवश्यक, तितकेच अनुकूल काळात जुनी प्रकरणे निकाली काढणेही आवश्यक आहे. प्रादेशिक सत्तेची कसोटी अखेर तिच्या लहान शेजाऱ्यांच्या विश्वासावरच लागते.